गावची जुनी शाळा जपायची आहे? आधी कपाट उघडा

आमच्या गावच्या शाळेला नव्या खोल्या मंजूर झाल्या तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मलाही. दोन महिन्यांनी जुन्या कौलारू इमारतीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी यादीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव निघाला आणि त्याच आठवड्यात शाळेच्या कपाटातले जुने कागद रद्दीवाल्याच्या हातगाडीवर दिसले. गठ्ठ्याच्या वरच एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही होती. शेरेबुक. तपासणीला येणाऱ्या डेप्युटींनी, म्हणजे शिक्षणखात्याच्या तपासनीसांनी, वर्षानुवर्षं आपले शेरे लिहिलेली. ती आम्ही धावत जाऊन परत आणली. तिच्या आधीची दोन शेरेबुकं आदल्या खेपेला गेली होती, ती काही मिळाली नाहीत.

त्या दिवसापासून कुणी विचारलं की ‘आमच्या गावची शाळा पडायला आली आहे, वाचवायची आहे, सुरुवात कुठून करू?’ तर माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी कपाट, मग मोजमापाची टेप, मग कौलं, आणि भिंत सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. वर्गणी काढतात, भिंतींना रंग देतात, फलक लावतात, आणि तोवर कागद वाळवी खाते नाहीतर रद्दीत जातो. भिंत पडली तर मापं आणि फोटो असतील तर पुन्हा उभी करता येते. रजिस्टर गेलं की गेलं.

चार-पाच माणसं पुरतात

मोठी समिती नको. एक निवृत्त गुरुजी किंवा बाई, गावातला एक जुना सुतार किंवा गवंडी, मोबाइल नीट वापरणारी एक-दोन तरुण मुलं, आणि शाळा व्यवस्थापन समितीतलं एक माणूस. शेवटचं महत्त्वाचं आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. म्हणजे शाळेबद्दल बोलण्याचा अधिकार गावातल्या आयाबायांकडे आधीपासूनच आहे. त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. आमच्याकडे हातगाडीवरचे कागद पहिल्यांदा दिसले ते अशाच एका ताईंना.

कपाटात काय शोधायचं

सगळ्यात मोलाचं ते जनरल रजिस्टर. विदर्भात याला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ: अनुक्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, कोणत्या इयत्तेत घेतलं, शाळा कधी सोडली, का सोडली, आणि शेवटी शेरा. कोरडा तक्ता वाटतो. पण एक पान सावकाश वाचून बघा.

आमच्या रजिस्टरातलं एक पान मला पाठ झालं आहे. जन्मतारखेच्या रकान्यात ओळीने १ जून, १ जून, १ जून. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरून जूनची पहिली तारीख टाकायचे. महाराष्ट्रात आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस असाच ठरला आहे. त्याच पानावर ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात मुलांपुढे ‘परगावी गेला’, ‘उत्तीर्ण’ असं काहीबाही आहे आणि मुलींपुढे एकच शब्द पुन्हापुन्हा: ‘गैरहजर’. गावाच्या एका पिढीत मुलींचं काय झालं, ते त्या एका शब्दात अडकून पडलं आहे. त्याकडे मी पुढे परत येणार आहे.

एका ओळीचं मोल किती असू शकतं, याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण साताऱ्याचं. तिथल्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे, दाखल तारीख ७ नोव्हेंबर १९००. ते रजिस्टर टिकलं म्हणून ही तारीख कळली, आणि आज ७ नोव्हेंबर राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९०० साली ती ओळ लिहिणाऱ्याला तो कुणाचं नाव लिहितो आहे याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. तुमच्या गावच्या रजिस्टरातली कुठली ओळ उद्या कुणाला लागेल, हे आज सांगता येत नाही.

आणि लोकांना ती खरोखर लागते. जातीचा दाखला, जात पडताळणी, वारसनोंद, यासाठी पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत जावं लागतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचं काम राज्यभर सुरू झालं तेव्हा वर्षानुवर्षं न उघडलेली कपाटं उघडली गेली. कागद पुन्हा पुन्हा हाताळला गेला की पानं शिवणीतून सुटतात, कोपरे झडतात. म्हणूनच मूळ वही एकदाच नीट उघडायची, फोटो काढायचे, आणि पुढे लोकांना फोटो दाखवायचे.

जनरल रजिस्टराशिवाय हे शोधा: लॉगबुक (मुख्याध्यापकांच्या नोंदी), शेरेबुक, हजेरीपट, डेडस्टॉक रजिस्टर, आवक-जावक, बक्षीस समारंभाचे फोटो, जुने नकाशे, शाळेची घंटा, लाकडी फळा. डेडस्टॉक रजिस्टराकडे फार कोणी बघत नाही, पण शाळेत कधी काय आलं, घड्याळ कधी, रेडिओ कधी, पहिलं बाक कधी, हे त्यातच सापडतं.

कागद हाताळताना

पहिली अट: वही शाळेबाहेर न्यायची नाही. ती सरकारी दप्तर आहे. मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी घ्या, त्यांच्या समोर किंवा त्यांनी नेमलेल्या शिक्षकांसमोर काम करा, कुठली वही कधी काढली आणि कधी परत ठेवली याची वेगळी नोंद ठेवा. ‘घरी नेऊन निवांत करतो’ म्हणणाऱ्याच्या हेतूवर मला शंका नाही, पण घरी गेलेल्या वह्या घरीच राहिल्याचं मी पाहिलं आहे.

हात धुऊन, पुसून, कोरडे करून बसा. थुंकी लावून पान उलटू नका. वही पूर्ण सपाट दाबून उघडू नका, दोन्ही बाजूंना घडी केलेला टॉवेल ठेवून तिला जेवढं उघडायचं तेवढंच उघडू द्या. खिडकीपाशी, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी, मोबाइल वरून बरोबर काटकोनात धरून फोटो काढा. फ्लॅश बंद. प्रत्येक वहीचा पहिला फोटो एका चिठ्ठीचा: शाळेचं नाव, वहीचं नाव, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आजची तारीख. मग पुठ्ठा, मग एकेक पान, कोरी पानंसुद्धा. स्कॅनर मिळाला तर कागदासाठी ३०० डीपीआय पुरे, जुन्या फोटोंसाठी ६०० ठेवा.

फाइलची नावं मोबाइलने दिलेली ठेवू नका. ‘जनरलरजि_१९३१-१९४२_पान०१७’ असं नाव दिलं की दहा वर्षांनीही सापडतं. तीन प्रती करा आणि तिन्ही एकाच घरात ठेवू नका. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक गावाबाहेर राहणाऱ्या कुणा माजी विद्यार्थ्याकडे.

हे मात्र कधीच करू नका: फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणं आणि जुनं पान लॅमिनेट करणं. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो, आणि लॅमिनेशन परत काढता येत नाही. पान सुटलं असेल तर तसंच कोऱ्या कागदात ठेवून द्या. दुरुस्ती करायचीच तर जाणकाराकडून, पातळ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या खळीने.

ठेवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालात बांधले जायचे. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात वही बांधा, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटं दूर अशा लोखंडी कपाटात ठेवा. कडुनिंबाचा वाळलेला पाला कपाटाच्या तळाशी चालेल, वहीच्या पानांत नको. डांबरगोळ्या कागदाला टेकवू नका. कसर आणि वाळवी ओलीबरोबर येते, तेव्हा पावसाळ्यात महिन्यातून एकदा कपाट उघडून बघणं हाच खरा उपाय.

अक्षर लागत नसेल तर घाबरू नका. जुन्या वह्यांत मोडी सापडणं साहजिक आहे. मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी निजामी राजवट होती, त्यामुळे तिथे उर्दू नोंदी मिळतात. मोडी वाचणारी माणसं शोधली तर सापडतात, पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्गही होतात. आमच्या चमूतली बारावीची मुलगी ती लिपी शिकली आणि आता तालुक्यातले लोक तिच्याकडे कागद घेऊन येतात.

एक जपायची गोष्ट. या वह्यांत जिवंत माणसांची जात, जन्मतारीख, आईबापांची नावं असतात. सगळं रजिस्टर इंटरनेटवर टाकून देऊ नका. ज्याला आपली नोंद हवी त्याला शाळेतून रीतसर मिळू द्या. गावासमोर मांडायला फार जुनी पानंच घ्या, आणि तीसुद्धा घरच्यांना विचारून.

शाळा कधीची?

गावात विचारलं तर सगळे ‘शंभर वर्षांची’ म्हणतात. खरं साल शोधायला शाळेचे मालक कसे बदलत गेले ते ठाऊक हवं. मुंबई इलाख्यात १८५५ साली सरकारी शिक्षणखातं सुरू झालं. १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर लोकल फंड नावाचा जादा कर बसला आणि त्यातला वाटा गावच्या शाळांकडे आला. पुढे लोकल बोर्ड, मग १९२३ च्या कायद्यानंतर जिल्हा स्कूल बोर्ड, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर शाळा त्यांच्याकडे गेल्या. म्हणून म्हातारी माणसं ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. विदर्भात मध्ये जनपद सभांचा, म्हणजे तिथल्या स्थानिक कारभार संस्थांचा, काळ येतो. संस्थानी मुलखाची गोष्ट वेगळी: कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, त्यामुळे तिकडच्या गावांत त्या वर्षांच्या आसपास काय झालं ते नक्की शोधा.

शाळा सुरू झाल्याचं साल आणि इमारत बांधल्याचं साल एक नसतं. पहिली कित्येक वर्षं शाळा मारुतीच्या देवळात, चावडीत, धर्मशाळेत किंवा कुणाच्या तरी ओसरीवर भरायची. दोन्ही सालं वेगळी लिहा.

जुने जिल्हा गॅझेटियर, म्हणजे इंग्रजी अमलातले जिल्ह्यांचे सरकारी माहितीग्रंथ, बघा, पुणे आणि साताऱ्याचे खंड १८८५ चे, कोल्हापूरचा १८८६ चा, रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८०. मोठ्या गावांच्या वर्णनात शाळेचा उल्लेख असतो. १९६१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका गाववार सोयी सांगते. राज्य पुराभिलेखागारं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. आणि इमारतीलाच विचारा. जोत्यावरची कोनशिला, ‘यांचे स्मरणार्थ’ म्हणून लावलेली संगमरवरी पाटी, दाराच्या चौकटीवरचं कोरलेलं साल. मंगलोरी कौल असेल तर एक उलटं करून बघा. कारखान्याचं नाव आणि गाव त्यावर ठशाने उमटवलेलं असतं. मंगळूरला असा पहिला कारखाना १८६५ साली निघाला, तेव्हा ते छप्पर त्याआधीचं नाही एवढं तर कळतंच.

माणसांशी बोलताना

हे काम उद्यावर टाकू नका. कागद कपाटात थोडा थांबेल, नव्वदीतलं माणूस थांबणार नाही.

‘तुमच्या वेळी शाळा कशी होती हो?’ असं विचारलं की ‘लई चांगली होती’ एवढंच उत्तर येतं. बारीक विचारा. तुम्ही कुठे बसायचा? खाली काय अंथरायचात? पाटी कशाने पुसायचात? घंटा कोण द्यायचं? गुरुजी राहायचे कुठे, जेवायचे कुणाकडे? पोथी-परवचा कधी व्हायचा? शक्य असेल तर त्यांना शाळेतच घेऊन या. जागेवर आलं की पाय आपोआप आपल्या जागेकडे वळतात.

आमच्या गावातले एक आजोबा असेच आले. आम्ही त्यांच्यासाठी वर्गात खुर्ची ठेवली होती. ते आत गेलेच नाहीत. पडवीच्या टोकाशी, उंबऱ्याबाहेर, एका दगडापाशी थांबले आणि म्हणाले, ‘आमची जागा ही. फळा हितनं दिसायचा, पर निम्मा.’ रजिस्टरात त्यांचं नाव आहे, दाखल तारीख आहे, इयत्ता आहे. ते कुठे बसायचे हे कुठेही लिहिलेलं नाही. आम्ही पुढे दुरुस्ती केली तेव्हा पडवीला फरशी घालायचं घाटत होतं, पण तो दगड हलवू दिला नाही.

आणि ते ‘गैरहजर’. त्या पानावरच्या एक आजी अजून आहेत. त्यांना मी त्यांची ओळ दाखवली. तिसरीत शाळा सुटली होती. त्यांनी बोट ठेवून नाव वाचलं आणि सांगितलं की धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नव्हतं, आई रोजगाराला जायची. भावाला कडेवर घेऊन त्या पंधरा दिवस शाळेत गेल्या, मग तो रडतो म्हणून थांबल्या. तोच भाऊ पुढे त्याच रजिस्टरात आहे, ‘उत्तीर्ण’ म्हणून. दोन ओळी आम्ही आता शेजारी लिहून ठेवल्या आहेत.

बायकांशी शक्यतो बाईनेच आणि वेगळं बोलावं, घरातल्या पुरुषमाणसांसमोर त्या मागे सरतात. मुलाखतीची तयारी साधी आहे: पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर आणि घडी घातलेल्या कापडावर, सुरुवातीलाच तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि ‘हे रेकॉर्ड करतो आहे, चालेल ना?’ हे वाक्य, त्यांच्या होकारासकट. तासाभरापेक्षा जास्त ताणू नका. त्याच रात्री प्रत काढा. आठवडाभरात निदान मुख्य मुद्दे लिहून काढा, बोलीतले शब्द आहेत तसे ठेवून.

टेप, ओळंबा आणि खडू

आता इमारत. एका सुट्टीच्या दिवशी तीस मीटरची टेप, ओळंबा, आलेख कागद आणि खडू घेऊन जा. प्रत्येक खोलीच्या चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. जुन्या खोल्या काटकोनात नसतात, कर्ण मोजले नाहीत तर कागदावर नकाशा जुळतच नाही. भिंतीची जाडी, दारं-खिडक्या, जोत्याची उंची, खांबांमधलं अंतर, आढ्याची उंची. १:५० प्रमाणात काढा, म्हणजे कागदावरचा दोन सेंटीमीटर म्हणजे जागेवरचा एक मीटर. उत्तर दिशा दाखवा. प्रत्येक तुळईवर खडूने क्रमांक टाका आणि नकाशावर तोच लिहा. प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो, शेजारी मीटरची काठी उभी करून.

भेगा दिसल्या की लोक लगेच सिमेंटने बुजवतात. थांबा. ती भेग जुनी, झोपलेली आहे की अजून वाढते आहे हे आधी कळलं पाहिजे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलते आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघितल्याशिवाय ठरवू नका. आणि हे होईपर्यंत त्या खोलीत पोरं बसणार नाहीत. धोकादायक खोलीत मुलांना बसवून वारसा जपता येत नाही. शंका असेल तर दोरी बांधून खोली बंद करा, वर्ग देवळात भरवा. आधीही तिथेच भरत होता.

इमारत कुणाची आहे?

या टप्प्यावर बरीच कामं अडतात, म्हणून आधीच कागद काढा. शाळा गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका, शेतजमिनीवर असेल तर सातबारा, आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. पुष्कळ ठिकाणी जमीन कुणीतरी तोंडी दान दिलेली असते आणि सातबारावर अजून त्यांच्या वारसांची नावं असतात. त्यांच्या घरी आदराने जा, त्यांच्या आजोबांचं दान शाळेच्या इतिहासात लिहिणार आहोत हे सांगा, आणि मग बक्षीसपत्राचं बोला.

जिल्हा परिषदेच्या इमारतीला परवानगीशिवाय हात लावू नका, कौल बदलायचं असलं तरी मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. निर्लेखनाच्या प्रस्तावाला सहसा शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडतात. त्यामुळे गावाचा आवाज ऐकला जाण्याची जागा तीच आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांपैकी एखादीत विषय आधी लेखी देऊन ठराव मांडा: ‘जुनी इमारत पाडू नये, स्ट्रक्चरल ऑडिट करून दुरुस्ती करावी आणि अमुक कामासाठी वापरावी.’ ‘अमुक कामासाठी’ हे शब्द विसरू नका. नुसतं ‘जपावी’ असं लिहिलं तर अधिकारी विचारतात, जपून करणार काय? जुनी फाइल हवी असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत मिळायला हवी.

राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षण मिळेल या आशेवर बसू नका, गावच्या शाळेला तो दर्जा मिळणं विरळा. आणि नुसत्या मोठ्या नावाने इमारत टिकत नाही. सावित्रीबाई-जोतिरावांनी १८४८ साली पुण्यात जिथे मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं ढासळत राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये, स्मारकासाठीच, पाडावा लागला. तिथे स्मारक होईल, व्हायलाच हवं. पण त्या मुली ज्या जिन्याने चढल्या तो जिना आता नाही. हे मला आजही सलतं.

पाणी आधी, भिंत नंतर

जुनी इमारत म्हातारपणाने पडत नाही, पाण्याने पडते. एक कौल फुटलं, पाणी वाशावर, वाशावरून तुळईच्या टोकावर, तिथून भिंतीत. म्हणून पैसे कमी असतील तर सगळे छपरावर घाला. रीपा सडल्या असतील तर बदला, पन्हळ साफ करा, पागोळ्या जोत्यापासून दूर पडतील असं बघा, आणि इमारतीभोवती हातभर रुंद उताराची चर काढा. भिंतीत पिंपळ-उंबर उगवला असेल तर उपटू नका, मुळासकट दगड बाहेर येतात. बुंध्याशी कापा आणि मूळ पूर्ण मरेपर्यंत पुन्हा पुन्हा कापत राहा.

मग गिलावा. इथे आम्ही चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिल्या वर्षी वर्गणीच्या जोरावर आम्ही एका दगडी भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केला. दोन पावसाळ्यांत खालून कमरेपर्यंत लोणा चढला, पोपडे सुटले आणि मागच्या दगडांच्या दर्जा, म्हणजे सांधे, पिठासारख्या झाल्या. जुनी भिंत दगड, माती आणि चुन्याची असते. ती ओल घेते आणि सोडते. सिमेंट तिचा श्वास बंद करतं, मग ओल आतच राहते आणि चुना-माती कुजते. तो गिलावा छिन्नीने हळूहळू काढावा लागला, त्यात चांगले दगडही दुखावले.

चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा, तालुक्यात एखादा तरी म्हातारा मिस्त्री असतो. कळीचा चुना पाण्यात विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली ठेवायचा, जितका मुरेल तितका चांगला. विरवताना तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर इजा करतो, मुलांना लांब ठेवा. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू, त्यात थोडी सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. जुने मिस्त्री गुळाचं पाणी, बेलफळ, हिरडा घालतात, त्यांचं ऐका. कडक उन्हात किंवा भर पावसात करू नका, दिवाळीनंतरचे दिवस चांगले. गिलावा बरेच दिवस ओलसर ठेवावा लागतो, सुकायला घाई केली की तडे जातात.

लाकडाचं सोपं आहे. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, खुटकन अडला तर लाकूड शाबूत, आत रुतला तर गेलं. तुळई बहुधा भिंतीत शिरते तिथेच सडते, मधली निरोगी असते. पूर्ण तुळई बदलू नका, सडलेलं टोक कापून नव्या सागवानाचा सांधा द्या. आमच्या सुतारकाकांनी असे तीन सांधे केले आणि प्रत्येकावर छिन्नीने साल कोरलं, पुढच्याला नवं-जुनं कळावं म्हणून.

इमारत उघडी ठेवा

कुलूप लावलेली दुरुस्त शाळा पाच वर्षांत पुन्हा पडायला येते. रोज कुणीतरी दार उघडलं, झाडलं, तरच गळती दिसते. वाचनालय, अंगणवाडी, बचत गटाची बैठक, संध्याकाळचा अभ्यासवर्ग, काहीही चालेल. आमच्याकडे एका खोलीत वाचनालय आहे आणि भिंतीवर काचेमागे रजिस्टरातल्या फार जुन्या पानांची छायाचित्रं. माहेरवाशिणी दिवाळीला आल्या की आपापल्या आजीचं नाव शोधतात. नाव सापडलं की मोबाइलवर फोटो काढतात, आणि तिथेच उभ्या राहून आम्हाला नवी माहिती सांगतात. एक वही आणि पेन तिथे बांधून ठेवलं आहे.

दर वर्षी मे महिन्यात

शाकारणीचा दिवस ठरवून टाका, मेचा तिसरा रविवार वगैरे. सुतार वर चढेल, खाली दोघं शिडी धरतील. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, पन्हळीतला पाला काढायचा, काचेच्या पट्ट्या बघून तारखेसह नोंद करायची, कपाट उघडून वह्यांना वारा द्यायचा. जुन्या मापाची कौलं आता सहज मिळत नाहीत, म्हणून गावात कुणाचं जुनं घर उतरवत असतील तर शे-दोनशे कौलं मागून घ्या आणि शाळेच्या मागच्या भिंतीला उभी रचून ठेवा. आडवी रचली तर खालची फुटतात.